खमीर

तळघरात आम्ही सात जण, एक जनरेटर,
आणि आयोडीनलाही न हटलेला बटाट्यांचा वास.
फळीवर लोणच्याच्या काकड्यांच्या दोन बरण्या.
त्यांना कुणी हात लावत नाही,
घरधनीण परत आली तर काय सांगायचं?

युद्धाआधी मी गाईंची डॉक्टर होते, पोल्तावाकडे.
गाय कुठे दुखतंय ते सांगत नाही,
म्हणून कान लावायची सवय जडली.
ती इथे कामी येते. कारण हल्ली
जखमी येत नाहीत. त्यांचे आवाज येतात.

शेवटचे अकरा किलोमीटर आभाळाच्या मालकीचे.
चाक फिरलं की वर काहीतरी भुणभुणतं.
स्ट्रेचर उचलायला चार जण पाठवले
तर मोजायचे पाच जखमी.

पहाटे रेडिओ खरखरला.
टोपणनाव: खमीर. वय एकोणीस,
खार्किवच्या एका बेकरीत रात्रपाळीला होता.
त्याच्या खड्ड्यात युखिम, सत्तेचाळीस वर्षांचा,
पोटरीत लोखंडाचा तुकडा,
मांडीला आवळपट्टा, त्यावर मार्करने वेळ: ४.१०.

आता सहाला दहा कमी.
आवळपट्टा जीव राखतो आणि पाय खातो,
हे त्या पोराला कसं सांगायचं?

'खमीर, हात धुतलेस?'
'कशाने?'
'बरं. हातमोजे आहेत?'
'एकच.'
'ज्या हाताने कणीक तिंबतोस, त्यात घाल.
पट्टीची गुंडाळी जखमेत भर. वर ठेवायची नाही, आत.
हाडापर्यंत. तो ओरडेल.'
तो ओरडला.
'दाब. अंग टाकून दाब. किती वेळ, ते मी सांगते.'

मी घड्याळाकडे बघत होते,
माझे तळवे टेबलावर टेकलेले, कोपरं ताठ,
टेबल थरथरत होतं.
बोहदानाने माझ्यासमोरचा चहा गुपचूप उचलून नेला.

'आता घट्ट बांध. गाठ जखमेवर घेऊ नकोस, बाजूला.
उजवं टोक डाव्याखालून, दोनदा.
आता पट्टा सैल कर. हळू. अर्धा वेढा. थांब.
लाल येतंय?'
'नाही.'
'खोटं बोलू नकोस.'
'थोडं. पाव चिरताना बोट कापलं तर येतं, तेवढं.'
'थांब. बघत राहा. पट्टा काढू नकोस, तिथेच असू दे.'

मग बराच वेळ नुसती खरखर.
आणि मग: 'अंगठा गुलाबी होतोय.
ताई, अंगठा गुलाबी होतोय.'

पाच दिवस. रोज चार वेळा.
वास येतो का? ताप? पाणी किती उरलंय?
गोळ्या संपल्या, तेव्हा ड्रोननेच टाकल्या,
आमच्या ड्रोनने, मोज्यात बांधून.
त्याच आठवड्यात दुसऱ्या एका खड्ड्यातला आवाज
बुधवारी थांबला.
त्याच्याबद्दल मला आज लिहिता येणार नाही.

सहाव्या रात्री, धुक्यात,
बिनचालकाची साखळीगाडी युखिमला घेऊन आली,
चिखलाने माखलेला, दाढी वाढलेला.
याला मी ओळखत नव्हते.
मग पाय उजेडात आला
आणि बाजूला सरकवलेली ती गाठ दिसली.
उजवं टोक डाव्याखालून, दोनदा.
माझंच बोलणं, मळलेल्या कापडात.

गाठी कापायच्या असतात, वेळ वाचतो.
कात्री हातात होती.
मी ती ठेवली आणि बोटांनी गाठ सोडवली.
बोहदाना काही बोलली नाही.

'आणि पोरगा?' मी विचारलं.
'तिथेच,' युखिम म्हणाला. 'बदली आली नाही.
त्याने विचारलंय,
माझी भाकर जमली का?'

वहीत रकाना असतो: पहिला उपचार कोणी केला.
तिथे आमच्यापैकी कुणाचं तरी नाव लिहायची रीत आहे.
मी लिहिलं: खमीर.
आणि रेडिओच्या खुर्चीत जाऊन बसले.
सकाळची वेळ सहाची. अजून चाळीस मिनिटं होती.